कार्डाच्या पलीकडची मराठी
(सीमाभागातील मराठी शिक्षकांसमोर केलेले भाषण, संक्षिप्त)



भाषेच्या व्यासपीठावर चिपविषयी बोलणारा माणूस कशाला बोलावला, असे काहींना वाटले असेल. औराद, भालकी, आळंदकडे शेतात पंप आहेत, कलबुर्गीत डाळमिली आहेत. मोटारीचा वेग सांभाळायला शेजारी एक डबा लावतात. त्याला आपण ‘ड्राइव्ह’ म्हणतो आणि तो बिघडला की ‘कार्ड गेलं’ म्हणतो. आपली मराठी त्या कार्डाशीच थांबते. आज जरा पलीकडे जाऊ.

अशा कार्डावर बहुधा एका विशिष्ट जातीची चिप असते. मायक्रोकंट्रोलर हा मुकादम: बटण दाबले का, मोटार तापली का, हे पाहून हुकूम सोडणारा. डिजिटल सिग्नल प्रोसेसर हा मुनीम: आकड्यांचा लोंढा आला तरी न थकता हिशेब करणारा. या चिपमध्ये दोघे एकत्र नांदतात.

तशी गरज का पडली? मोटारीतला प्रवाह सेकंदाला १०,००० वेळा मोजायचा असे धरू. म्हणजे एका मोजणीपासून दुसरीपर्यंत १०० मायक्रोसेकंद. १९८० साली आलेला ८०५१ हा मायक्रोकंट्रोलर १२ मेगाहर्ट्‌झवर चालवला, तर आठ बिटांच्या एका गुणाकाराला ४ मायक्रोसेकंद घेतो. दुसरे काहीही न करता नुसते गुणाकार केले, तरी पंचवीस झाले की वेळ संपली. एवढ्यात तीन फेजांचे प्रवाह, साइन-कोसाइन आणि चुकलेल्या वेगाची दुरुस्ती बसवणे कठीण. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीएमएस३२०एफ२८१२ ही १५० मेगाहर्ट्‌झची चिप घ्या. तेवढ्याच वेळात तिला १५,००० ठोके मिळतात, आणि एका ठोक्यात बत्तीस बिटांचा गुणाकार होऊन तो मागच्या बेरजेत पडतोही. शिवाय प्रवाह मोजण्याची आणि स्विच उघडझाप करण्याची सोय त्याच चिपवर. मायक्रोचिपची डीएसपिक आहे, २०१० मध्ये आलेला आर्मचा कॉर्टेक्स-एम४ आहे. घराणी वेगळी, काम तेच.

आता घरची गोष्ट. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने १९८५ साली बेंगळुरूत केंद्र उघडले. तिथल्या अभियंत्यांनी १९९८ च्या सुमारास टीएमएस३२०सी२७एक्स हा प्रोसेसर घडवला आणि त्याला नाव दिले ‘अंकुर’. मघाची एफ२८१२ ज्या सी२८एक्स घराण्यातली, ते त्याचेच पुढचे. रीसेट झाल्यावर सी२८एक्स चिप आधी सी२७एक्सच्या पद्धतीनेच जागी होते. मग प्रोग्रॅम एक बिट बदलतो आणि ती आपल्या पद्धतीवर येते. आपल्याच राज्यात घडलेल्या त्या अंकुराची खूण अजून तिच्यात आहे.

नावाचे मला फारसे भांडण नाही. ‘अंकीय संकेत नियंत्रक’ म्हणा की डीएससी म्हणा. मेकॅनिक चिपच म्हणणार, आणि म्हणू द्यावे. माझे भांडण क्रियापदांसाठी आहे. आपल्या शाळेत मराठीतून दहावी झालेला मुलगा आयटीआयत जातो तेव्हा पुस्तक इंग्रजी, सोबती कन्नड बोलणारे. चिप नेमके काय करते हे त्याला स्वतःशी सांगता येत नाही, म्हणून तो कार्ड बदलायला शिकतो, दुरुस्त करायला नाही. आणि कार्डाचे पैसे शेवटी शेतकऱ्याच्या खिशातून जातात.

खरे तर शब्द त्याच्याजवळ आहेत. चौथीतले ‘मिळव’ घ्या: चिपचे मुख्य काम म्हणजे ‘गुणून मिळव’. ‘कॅरी’ म्हणजे ‘हातचा’. बेरीज साठते त्या जागेला ‘संचयक’ कशाला? ‘जमा’ म्हणा. जमा मराठीत आहे, कन्नडात आहे, उर्दूतही आहे. बीदरच्या पेठेत तो कोणालाच समजावून सांगावा लागत नाही. ‘गुणाकार’ तर कन्नडातही गुणाकारच.

एक शब्द अजून अडतो. बेरीज मावेनाशी झाली की साध्या हिशेबात मोठ्यात मोठा धन आकडा एकदम ऋण होतो, आणि मोटारीला उलटा हुकूम जाऊ शकतो. या चिपला सांगून ठेवता येते की माप भरले की तिथेच थांब. इंग्रजीत याला सॅच्युरेशन म्हणतात. कोशात ‘संपृक्तता’ मिळेल, पण तो रसायनाच्या तासाचा शब्द. मी ‘काठोकाठ’ वापरून पाहिला. मुलांना लगेच कळला. तुम्हाला याहून बरा सुचला तर तो घेऊ.

शब्दसूची करायचीच असेल तर तिला चार रकाने असावेत: इंग्रजी, मराठी, कन्नड आणि दुकानात प्रत्यक्ष बोलतात तो शब्द. हा चौथा रकाना आधी भरून घ्यावा, तोही पंप दुरुस्त करणाऱ्यांकडून. उरलेले तीन आपण बसून भरू.