ओढू नका, क्लिक करा

वर्धा, आर्वी, हिंगणघाटच्या सेतू केंद्रांत दिवसभर मराठी मजकूर टाइप होतो. मजकूर निवडायला ओळीवरून माउस ओढत नेताना मनगट दुखतं आणि शेवटचं अक्षर निसटतं. त्याऐवजी शब्दावर दोनदा क्लिक करा, अख्खा शब्द निवडला जातो. ही सोय १९७०च्या दशकात लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्स पार्क प्रयोगशाळेत घडवलेल्या जिप्सी या मजकूर-संपादन प्रणालीतली. वर्डमध्ये तीन क्लिकांत परिच्छेद, कंट्रोल दाबून एका क्लिकमध्ये वाक्य. पण खरी मोलाची शिफ्ट कळच. लांबलचक अर्जाच्या सुरुवातीला क्लिक करा, चाकाने पानं खाली सरकवा, शिफ्ट दाबून शेवटी क्लिक करा. मधलं सगळं निवडलं जाईल. सरकवताना मध्येच कुठे क्लिक मात्र करू नका, सुरुवातीची जागा बदलते.