परसातले झाड आणि शंभर उंबरे

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी सभेत केलेले भाषण)



शिक्षकाने शिक्षणावर बोलावे, अशी आपली अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. परंतु पावसाळा तोंडावर आला आहे आणि आपल्यापैकी अनेकांच्या परसात यंदा एखादे झाड उतरवावयाचे आहे. म्हणून त्या कामाविषयी आणि ते करणाऱ्या माणसांविषयी चार शब्द बोलण्याची परवानगी आम्ही मागतो.

आपल्या बेळगावच्या जुन्या गल्ल्यांतली घरे आपण सारे जाणतो. भिंतीला भिंत लागलेली. रस्त्यावरून सोपा, सोप्यातून माजघर, पुढे स्वयंपाकघर आणि त्यामागे परसू. तिथे आड, धुण्याचा दगड आणि आजोबा-पणजोबांनी लावलेला आंबा, फणस किंवा माड. रोप लावताना ते कुणाच्या तरी हातातून घरातून गेले. आता झाड काढावयाचे तर तेही घरातूनच बाहेर येणार, कारण दुसरी वाट नाही. क्रेन गल्लीच्या तोंडाशीच थांबते.

झाड काढण्याची हौस कुणालाच नसते. बुंधा वाळवीने पोखरलेला असतो, मुळ्यांनी भिंतीला तडा दिलेला असतो, किंवा मोठी फांदी शेजाऱ्याच्या कौलांवर आलेली असते. त्यासाठी कर्नाटकात १९७६ चा वृक्षसंरक्षण कायदा आहे. शहरात झाड तोडण्यापूर्वी साधारणतः वृक्षाधिकाऱ्याची परवानगी घ्यावी लागते, आणि ती घ्यावीच. आमचे बोलणे त्या परवानगीनंतरच्या कामाविषयी आहे.

मोकळ्या रानात झाड पाडतात. परसात ते उतरवावे लागते. रानात ज्या दिशेला झाड पाडावयाचे, त्या बाजूने बुंध्याला खाच घेतात, उलट बाजूने करवत लावतात, मध्ये थोडे लाकूड बिजागरीसारखे राखतात, आणि झाड आपल्याच वजनाने त्या दिशेला कलते. परसात कलायला जागा कुठली? एका बाजूला कौले, दुसऱ्या बाजूला आड, वर विजेची तार. म्हणून एक गडी कमरेला दोर बांधून शेंड्याकडे जातो आणि वरून खाली झाड कमी करीत येतो. आधी डहाळ्या, मग फांद्या, शेवटी खोड. जड फांदी कापण्याआधी बांधावी लागते. दोर वरच्या बेचक्यातून खाली सोडतात आणि खालचा गडी तो बुंध्याला दोन-तीन वेढे देऊन धरतो. वेढ्यांच्या घर्षणामुळे सारा भार त्याच्या हातांवर येत नाही आणि फांदी बेताबेताने खाली येते. नुसत्या हातांनी दोर धरला, तर तळहात सोलून निघतात आणि फांदी कौलांवर जाते.

वाळलेले झाड अधिक धोक्याचे. ओली फांदी तुटताना करकरते. वाळलेली पुष्कळदा काही न कळवता तुटते. माडाला तर फांदीही नाही आणि बेचकेही नाही. नारळ आणि झावळ्या उतरल्यावर शेंडा कापावयाचा, आणि मग ज्या खोडाला मिठी मारून बसलो, तेच दोन-दोन फुटांनी कापीत खाली यावयाचे. यांत्रिक करवत आल्यापासून कापणे लवकर होते हे खरे; पण चढणे, बांधणे, उतरविणे आणि वाहणे जसे होते तसेच आहे.

वाहण्याचा हिशेब मात्र कुणी करीत नाही. शिक्षकाच्या सवयीने आम्ही तो मांडतो. दोन फूट व्यासाचा आणि एक फूट लांबीचा ओंडका घ्या. त्याचे घनफळ सुमारे ३.१४ घनफूट. ओले लाकूड बहुधा पाण्याहून फारसे हलके नसते. म्हणजे एका ओंडक्याचे वजन ८०-९० किलो झाले. असे बारा फुटांचे खोड म्हणजे सुमारे १००० किलो. पाचरी ठोकून त्याची फाळकी केली आणि एका वेळी ४० किलो डोक्यावर घेतले, तर पंचवीस खेपा. परसू ते रस्ता चार उंबरे. म्हणजे नुसत्या खोडापायी ओझ्यासह शंभर उंबरे ओलांडावयाचे, तेही मान वाकवून, कारण जुन्या चौकटी ठेंगण्या. फांद्या, पाला आणि बुंधा खणण्याचे काम यात धरलेलेच नाही.

आता मजुरीचे पाहा. आपण परसाच्या दारात उभे राहून झाडाकडे वर पाहतो आणि काम उक्ते ठरवितो. घरातून जाणारी वाट आपण मोजीत नाही. वर म्हणतो, “लाकूड तुम्हालाच नेऊ दे, मग मजुरी कशाला एवढी?” परंतु जे लाकूड फुटा-दीड फुटाचे तुकडे झाल्याखेरीज दारातून निघत नाही, त्याच्या फळ्या कशा निघणार? रस्त्यावर येईतो त्याचे जळण झालेले असते. वाट अवघड असली की कष्ट वाढतात आणि त्याच कारणाने लाकडाची किंमत उतरते. ही दुहेरी तूट गडी आपल्या अंगावर सोसतो.

दोन वर्षांपूर्वी अशाच एका परसात फणसाची फांदी खाली उभ्या असलेल्या गड्याच्या पायावर आली. त्याचा मुलगा आमच्या वर्गात होता. हजेरीपटावर त्याच्या नावापुढे गैरहजेरी लागू लागली, तेव्हा चौकशी केली. बाप तीन महिने घरी बसून होता आणि मुलगा एका दुकानात कपबश्या धूत होता. घरमालक म्हणाले, “काम उक्ते दिले होते.” आपल्या संस्थेने औषधपाण्याचा खर्च उचलला, मुलगाही शाळेत परतला. त्याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. तो खर्च अहवालात ‘गरजूंस मदत’ या सदराखाली पडला. आमच्या मते ती मदत नव्हती, ते आपणा साऱ्यांकडून राहिलेले देणे होते. देणे थकवून मागाहून केलेल्या धर्मादायाचे पुण्य कुणाच्या खाती लिहावयाचे, याचा विचार धर्मादाय संस्थेने पन्नासाव्या वर्षी करावयास हवा.

म्हणून आमच्या तीन विनंत्या आहेत. पहिली: मजुरी झाडाची उंची पाहून न ठरविता वाट पाहून ठरवावी, आणि ती त्याच संध्याकाळी द्यावी. मजुराचा घाम वाळण्याआधी त्याचे दाम द्यावे, ही पैगंबरसाहेबांची शिकवण आम्ही घरात ऐकत वाढलो. आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरात ती निराळ्या शब्दांत सांगितली गेली असेल. दुसरी: संस्थेने दोन मजबूत दोर, कमरपट्टे आणि शिरस्त्राणे विकत घेऊन कार्यालयात ठेवावीत आणि सभासदांना विनामूल्य द्यावीत. काम चालू असेतो खालच्या बाजूला घरच्या मुलांना जाऊ देऊ नये, आणि जवळून तार जात असेल तर वीज खात्याकडून ती बंद करवून घेतल्याखेरीज कुणाला झाडावर चढवू नये.

तिसरी विनंती सर्वांत स्वस्त आहे. २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा हप्ता वर्षाला १२ रुपये होता. जून २०२२ पासून तो २० रुपये आहे. वय १८ ते ७० आणि बँकेत खाते, एवढे पुरते. अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्व आल्यास २ लाख, कायमचे अंशतः अपंगत्व आल्यास १ लाख रुपये मिळतात. मोडलेला पाय बरा होईपर्यंतची बुडालेली मजुरी त्यातून मिळत नाही, हे खरे. ती देण्याचे ठरविणे घरमालकाच्याच हाती आहे. पण निदान हा विमा प्रत्येक गड्याचा असावा. अर्ज भरून देण्याचे काम आम्ही शिक्षक मंडळी शाळा सुटल्यावर आनंदाने करू.

आजोबांनी लावलेल्या झाडाची सावली आणि फळे आपल्याला फुकट मिळाली. ते घराबाहेर जाईल, तेव्हा त्याच्या शेवटच्या दिवसाचा खर्च तरी पुरता चुकता करू या.