संशोधनाच्या तीन वाटा आणि घरातले कागद



साहित्य, वैद्यक आणि अभियांत्रिकी या तिन्ही क्षेत्रांतील संशोधनावर बोलावे, अशी संयोजकांची सूचना होती. विषय मोठा आहे. पण आपल्या घरांत तो फार लहान करून टाकलेला असतो. मुलांचे निकाल लागले की आपण एवढेच विचारतो, मेडिकल की इंजिनिअरिंग? एखाद्या मुलीने मराठीत पीएच.डी. करायचे म्हटले, तर "त्यात आता शोधायचे काय उरले?" असे आपणच म्हणतो. या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न मी आज करणार आहे.

साहित्यापासून सुरुवात करू. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये सिद्ध झाली. पुढची तीनशे वर्षे लोक ती हाताने उतरवून घेत राहिले, आणि प्रत्येक हातागणिक शब्द बदलत गेले. शके १५०६, म्हणजे इ.स. १५८४ मध्ये, पैठणच्या एकनाथांनी तिची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि यात कोणी आपली ओवी घालू नये, असे बजावून ठेवले. जी गोदावरी पुढे नांदेडवरून बासरला येते, तिच्याच काठी हे काम झाले. त्यानंतर इतिहासाचार्य राजवाड्यांना बीडजवळच्या पाटांगणची जुनी पोथी मिळाली. तिच्यावरून त्यांनी १९०९ मध्ये ज्ञानेश्वरी छापली. एका शब्दाचे चार पाठ समोर असताना मूळ कोणता, हे ठरवायला आवड पुरत नाही. पोथी कोणत्या काळातली, कोणत्या भागातली, लेखनिकाची खोड काय, हे सारे तपासावे लागते. साहित्यातील पुरावा असा असतो.

वैद्यकाची वाट वेगळी. आपल्या जुन्या जिल्ह्याच्या पूर्वेला प्राणहिता ओलांडली की गडचिरोली लागते. तिथे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये 'सर्च' ही संस्था सुरू केली. गावातल्याच बाईला शिकवून नवजात बाळाची काळजी घरच्या घरी घेतली, तर बाळे वाचतील का, हा त्यांचा प्रश्न होता. ३९ गावांत हा प्रयोग झाला, आणि तसा प्रयोग न केलेली ४७ गावे तुलनेसाठी ठेवली. ही तुलना नसती, तर फरक कशामुळे पडला हे सांगता आले नसते. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात १९९९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यानुसार तिसऱ्या वर्षी त्या गावांतील नवजात बालमृत्यूंचे प्रमाण तुलनेच्या गावांच्या मानाने सुमारे ६२ टक्क्यांनी घटले होते. आज आपल्याकडच्या आशाताई बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळ पाहतात, त्या पद्धतीमागे हे काम आहे.

बंग दांपत्याचे आणखी एक साधन सांगतो. न्यूमोनिया झालेल्या बाळाचा श्वास जलद चालतो, पण ज्या सुईणीला मोठे आकडे मोजता येत नाहीत तिने तो ओळखायचा कसा? त्यांनी एका चौकटीत मणी बसवले आणि सोबत एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ दिले. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्यापूर्वी लाल मणी आला, तर औषधाची गरज आहे असे समजायचे. हे वैद्यक म्हणावे की अभियांत्रिकी?

अभियांत्रिकीचे उदाहरण तर आपल्या पायाखाली आहे. कापूस पिकवणारी आपली काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून तिच्यावरच्या घरांच्या भिंतींना तडे जातात. रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने यावर तळाशी फुगीर असलेले खांब काढले. ओलाव्याचा चढउतार जिथे थांबतो, अशा साधारण साडेतीन मीटर खोलीपर्यंत खांब न्यायचा. वरची माती हलली तरी खालचा फुगवटा त्याला धरून ठेवतो. इथे वादाचा निकाल मातीच देते.

तिघांच्या पुराव्याच्या रीती अशा निराळ्या आहेत. तरी तिघेही एकच काम करतात. समोरची वस्तू नीट पाहतात, इतरांशी ताडून पाहतात, आणि दुसऱ्याला तपासता येईल असे लिहून ठेवतात.

या वाटा एकत्र कशा येतात, हे पाहायला दूर जायला नको. आपल्याच जिल्ह्यात नारनूर मंडलात गुंजाला गाव आहे. तिथे गोंडी भाषेची हस्तलिखिते मिळाली, ती वेगळ्याच लिपीत होती. ती लिपी वाचणारी मोजकी वृद्ध माणसेच तेव्हा उरली होती. हैदराबाद विद्यापीठाचे जयधीर तिरुमल राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांच्याकडून ती समजून घेतली. मग काम संगणकतज्ज्ञांकडे गेले. संगणकाला प्रत्येक अक्षरासाठी ठरलेला क्रमांक लागतो, आणि जगभर मान्य असलेल्या अशा क्रमांकांची यादी म्हणजे युनिकोड. मात्रा कुठे लागते, जोडाक्षर कसे होते, हे त्या वृद्धांच्या वाचनावाचून ठरले नसते. २०१८ मध्ये 'गुंजाला गोंडी' या नावाने ही लिपी युनिकोडमध्ये आली. गोंड बांधवांनी बाडे जपली, म्हणून हे घडू शकले.

आता आपल्याकडे वळू. १९५६ मध्ये भाषावार रचना झाली, तेव्हा किनवट आणि राजुरा हे आपल्या जिल्ह्यातले तालुके तिकडे गेले. आपण इथेच राहिलो. त्याआधीच्या पिढ्यांचे कागद अजून अनेक घरांत आहेत. वतनाचे लेख, सावकारीच्या वह्या, लग्नाच्या याद्या, औषधांच्या नोंदी, विहिरीच्या खर्चाचा हिशेब. पुष्कळ कागद मोडीत, शेजारी निजामी काळातल्या उर्दू पावत्या. मोडीही २०१४ पासून युनिकोडमध्ये आहे. यंत्राची सोय झाली, पण घरात वाचणारा राहिला नाही. आजोबा गेले की पेटी माळ्यावर जाते, आणि घर पाडले की पेटी रद्दीत.

त्या पेटीत साहित्याच्या अभ्यासकाला सीमेवरची मराठी सापडेल, वैद्याला जुन्या साथी आणि उपचार, अभियंत्याला विहिरींची खोली आणि पाण्याची पातळी. पण कागदच नसला, तर तिघांचेही हात रिकामे राहतील.

म्हणून माझी विनंती साधी आहे. पेटी उघडा. कागदांना चिकटपट्टी लावू नका, त्यांचे लॅमिनेशन करू नका. कोरड्या जागी, सुती कापडात ठेवा. प्रत्येक पानाचा नीट फोटो घ्या, आणि तो कागद कोणाच्या घरचा, कोणत्या गावचा, हे लगेच लिहा, कारण ठिकाण न कळलेल्या कागदाचा अभ्यासकाला निम्माच उपयोग होतो. घरातल्या एका तरी मुलाने मोडी शिकावी, एकाने उर्दू. ती मुले पुढे डॉक्टर होवोत की अभियंते, हे शिक्षण वाया जाणार नाही.

आणि ती मराठीत पीएच.डी. करू पाहणारी मुलगी! तिला अडवू नका. पेटीची किल्ली तिच्या हातात द्या.