वाचलं ते सरळ सांगते

(राणीसावरगाव, ता. गंगाखेड, जि. परभणी येथे तरुण वाचकांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

 

मला 'अलीकडे वाचलेली पुस्तकं' या विषयावर बोलायला सांगितलंय. मी समीक्षक नाही. घरी शिलाईकाम करते. दिवसभर ब्लाऊज, पिको-फॉल आणि रात्री भांडी आवरली की पुस्तक. त्यामुळे वाचनाचं महत्त्व वगैरे मी सांगणार नाही. ते तुम्ही शाळेत ऐकून ऐकून कंटाळला असाल. कोणतं पुस्तक आवडलं, कोणतं अर्ध्यात ठेवलं, कशाचा राग आला, तेवढं सांगते. पुस्तकंही एकमेकांशी जुळणारी नाहीत. एक तुळजापूरचं, एक कोल्हापूरकडचं, एक आपल्याच परभणीचं, एक कर्नाटकातलं, एक आग्र्याचं आणि एक मुंबईचं.

सुरुवात माझ्या धंद्यापासून करते. देविदास सौदागर यांची 'उसवण'. या कादंबरीला २०२४ चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला. सौदागर तुळजापूरचे, स्वतः शिलाईकाम केलेले. बाजारात रेडिमेड कपडे आले आणि शिवणाऱ्याच्या मशीनवर धूळ बसायला लागली, ही त्यातली गोष्ट. लहान कादंबरी आहे, दोन रात्रींत संपली. उसवणं म्हणजे काय, ते शिवणाऱ्यालाच कळतं. शिवण घालायला पाच मिनिटं लागतात, पण कापडाला धक्का न लावता तीच शिवण उसवायला वीस मिनिटं जातात आणि त्या वीस मिनिटांचे पैसे कुणी देत नाही. हे ज्याच्या बोटांना माहीत आहे, त्यानं लिहिलेलं पुस्तक आहे, हे पानापानावर जाणवतं.

आपल्या भागात शर्ट-पँट शिवणारे कारागीर खरंच बसले. त्यात आपले किती होते, ते तुम्हाला माहीत आहे. बाप मशीनवर बसायचा, मुलगा आता मोबाईलच्या दुकानात, नाहीतर पुण्याला कंपनीत. पण ब्लाऊज अजून रेडिमेडनं संपवला नाही, कारण प्रत्येकीचं माप वेगळं. म्हणून पुस्तक मिटल्यावर मला वाटलं, की घरात बसून शिवणाऱ्या बाईचीही एक कादंबरी व्हायला हवी. तिच्या मशीनला कुणी धंदा म्हणत नाही, 'घरखर्चाला हातभार' म्हणतात. कितीतरी घरं त्याच हातभारावर चाललेली असतात.

दुसरं, कृष्णात खोत यांचं 'रिंगाण'. त्याला २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. धरणात गाव गेलेलं. नव्या जागी येऊन पडलेला देवाप्पा, मागे जंगलात राहिलेली म्हैस आणायला परत जातो. गोष्ट एवढीच. खरं सांगते, पहिली तीस-चाळीस पानं मला जड गेली. तिकडची बोली माझ्या कानाला सवयीची नाही. काही वाक्यं दोन-दोनदा वाचली आणि पुस्तक बाजूला ठेवलं. मग आठ दिवसांनी परत उचललं, कारण त्या म्हशीचं काय झालं, हे डोक्यातून जाईना. नंतर मात्र सोडवलं नाही. सरकारी कागदावर घरं मोजतात, जमीन मोजतात, माणसं मोजतात. माणसाचं जनावराशी, झाडाशी, वाटेशी जे असतं, त्याची मोजणी कुठल्या तलाठ्याकडे आहे?

आपल्याकडे ऊसतोडीला माणसं जातात तेव्हा वस्त्या सहा-सहा महिने कुलपात असतात. मागे म्हातारी माणसं, दोन शेळ्या आणि शाळा अर्धी सुटलेली पोरं. 'रिंगाण' वाचताना मला ती कुलपं दिसत होती. परक्या मुलखाचं पुस्तक आपल्या गल्लीत घेऊन येतं, ते मला चांगलं पुस्तक वाटतं.

तिसरं तसं नवं नाही, पण मी यंदा वाचलं. आसाराम लोमटे यांचा 'आलोक' हा कथासंग्रह. त्याला २०१६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. लोमटे आपल्या परभणी जिल्ह्याचे. बस स्टँडवर, बाजारात, पंचायतीच्या ओट्यावर जे बोलणं कानावर पडतं, ते छापलेलं पाहून मला आधी धक्काच बसला. आपण बोलतो ती भाषा पुस्तकात चालते, हेच आपल्याला कुणी सांगितलेलं नसतं.

इथे एक तक्रार नोंदवते. ती या पुस्तकाविषयी नाही, मराठीतल्या एकूण गावाच्या गोष्टींविषयी आहे. त्यात आपण येतो, पण पान-दीड पानापुरते. बकरं कापायला मुलाणी येतो, बांगड्या भरायला मनेर येतो, मोहरमला सवारी उठते, दर्ग्यावर फकीर असतो. काम झालं की निघून जातो. त्याच्या घरात रात्री काय बोलतात, मुलीच्या फीचं काय, जमिनीच्या वाटणीत बहिणीला किती मिळालं, हे क्वचितच येतं. पण ही तक्रार मी दुसऱ्या लेखकाकडे किती दिवस करायची? आमच्या घराचा दरवाजा त्याला बाहेरूनच माहीत. आतलं आतल्यानंच लिहायला पाहिजे.

आतलं लिहिणारी एक बाई आता सांगते. बानू मुश्ताक. त्यांच्या बारा कथांचा संग्रह 'हार्ट लॅम्प' या नावानं दीपा भास्ती यांनी कन्नडमधून इंग्रजीत आणला आणि मे २०२५ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय बुकर पुरस्कार मिळाला. कथासंग्रहाला हा पुरस्कार पहिल्यांदाच मिळाला. मी तो इंग्रजीत, मोबाईलवर शब्द शोधत वाचला. महिना लागला. पण अडलं इंग्रजीला, गोष्टीला नाही. बानूंच्या घरची बोली दखनी, शाळा कन्नड, लेखन कन्नड. आपलंही तेच ना? घरात 'क्या कररी गे' आणि वहीत मराठी. अनुवादात दखनी-उर्दूचे शब्द तसेच ठेवलेत, तळटीप न देता. आयुष्यात पहिल्यांदा इंग्रजी पुस्तक वाचताना इतरांना अडलं असेल तिथे मला अडलं नाही.

कथा कशा आहेत? एक नवरा बायकोवरच्या प्रेमाच्या मोठमोठ्या गप्पा मारतो, ती जाते आणि थोड्याच काळात घरात दुसरी येते. मोठ्या मुलीचं शिक्षण मध्येच सुटलेलं. एकीत नवऱ्यानं टाकलेली मेहरून लेकरू घेऊन माहेरी येते आणि भाऊ तिला परत नेऊन सोडतात. ही कथा वाचून मी मशीनवर बसले, पण पाय चालेनात. गल्लीत अशा दोघीतिघी मला माहीत आहेत. आणि सुंतेच्या सामुदायिक कार्यक्रमावर एक कथा आहे, त्यात श्रीमंताच्या मुलाला डॉक्टर आणि गरिबाच्या मुलाला राख. ती वाचताना मी मोठ्यानं हसले. आपल्यावर इतकं मायेनं हसणारं मी फार कमी वाचलंय.

न आवडलेलंही सांगते. बारा कथा सलग वाचल्या की पुरुष एकाच थानातून कापल्यासारखे वाटायला लागतात. मला पहिलं पुस्तक अब्बांनी आणून दिलं. तसा बाप मी त्यात शोधत राहिले. म्हणून एका वेळी एकच कथा वाचा, मध्ये दोन दिवस जाऊ द्या.

या बैठकीचं ठरत होतं तेव्हा एका वडीलधाऱ्या चाचांनी मला प्रेमानं विचारलं, "बेटी, ही वेळ आहे का हे बोलायची? बाहेर आपल्याबद्दल काय काय चाललंय. त्यात आपणच आपल्या घरातलं उघड्यावर मांडायचं?" त्यांचा प्रश्न मी हसण्यावारी नेत नाही. नाव ऐकून भाड्यानं खोली नाकारली जाते, हे इथल्या प्रत्येक मुलाला माहीत आहे. आपलं दुःख दुसऱ्याच्या हातातलं हत्यार होईल, ही भीती खोटी नाही.

पण मग बानूंचंच पाहा. मशिदीत बायकांना जाऊ द्या, असं त्या म्हणाल्या म्हणून २००० साली त्यांच्यावर सामाजिक बहिष्कार आला. हा बहिष्कार आपल्यातल्यांनी घातला. आणि २०२५ मध्ये म्हैसूरच्या दसऱ्याच्या उद्घाटनाला त्यांना बोलावलं, तर मुस्लिम बाई कशी चालेल म्हणून दुसरे कोर्टात गेले. कोर्टानं ते मानलं नाही आणि २२ सप्टेंबरला त्यांनी उद्घाटन केलं. बाई तीच. दोन्हीकडच्यांना ती गप्प हवी होती. मी चाचांना एवढंच म्हटलं, मेहरूनचं दुःख कुण्या शत्रूनं रचलेलं नाही. आपण ते लपवलं तर शत्रूचं काही बिघडत नाही, मेहरूनचं बिघडतं. आणि आपण ते आपल्या तोंडानं, आपल्या मायेनं सांगितलं नाही, तर दुसरा त्याच्या द्वेषानं सांगणारच आहे. चाचा माझ्याशी सहमत झाले नाहीत. पण ते आज समोर बसलेत, याचा मला आनंद आहे.

याच प्रश्नाला धरून गजाला वहाब यांचं 'बॉर्न अ मुस्लिम', २०२१ चं. लेखिका पत्रकार, आग्र्याच्या घरातल्या. बाहेरून होणारा अन्याय आणि आतली बंद दारं, दोन्ही एकाच पुस्तकात मांडायची हिंमत मला आवडली. १९९० च्या दंगलीत स्वतःच्या घरावर काय गुदरलं, ते वाचताना अंगावर काटा येतो. इतिहासाची प्रकरणं मात्र लांबली आहेत, काही मी चाळून सोडली. आणि त्यातलं जग उत्तरेकडचं, शहराचं. गंगाखेडच्या आठवडी बाजारात भाजी विकणारी बागवान बाई मला त्यात सापडली नाही. हा पुस्तकाचा दोष म्हणत नाही. आपलं पुस्तक अजून यायचंय, एवढंच म्हणते.

शेवटचं, रहमान अब्बास यांची उर्दू कादंबरी 'रोहझिन'. तिला २०१८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. कोकणातला असरार मुंबईला येतो आणि हिनाच्या प्रेमात पडतो. माझं उर्दू मकतबातलं, अडखळत चालणारं. मुंबईच्या गल्ल्या, समुद्र, पाऊस फार सुंदर उतरलंय. पण त्यातल्या बायका बऱ्याचदा पुरुषाच्या डोळ्यांतून दिसतात. काही पानं मला आवडली नाहीत, मी उलटून पुढे गेले. अब्बास यांच्या पहिल्या कादंबरीवर, 'नखलिस्तान की तलाश'वर, अश्लीलतेचा खटला झाला होता. कित्येक वर्षं चालला, २०१६ मध्ये ते निर्दोष सुटले. मला न आवडलेलं पान उलटायला एक सेकंद लागला. ते पान कुणीच वाचू नये म्हणणाऱ्यांनी एका माणसाची दहाएक वर्षं खाल्ली. न आवडणं वेगळं आणि बंद पाडणं वेगळं. या दोन्हींतलं अंतर ज्याला कळलं, त्याला वाचता आलं, असं मी समजते.

आता कामाचं. ही सहाही पुस्तकं मी इथे ठेवून जाते आहे. सोबत एक दोनशे पानी वही आहे. पुस्तक नेणाऱ्यानं परत करताना वहीत चार ओळी लिहायच्या. मराठीत, उर्दूत, दखनीत, कशातही. काय आवडलं ते लिहा, पण काय पटलं नाही ते आधी लिहा. नुसतं 'छान आहे' लिहिलं तर पुढचं पुस्तक मिळणार नाही.

आणि पहिली सहा नावं मुलींची. मागच्या रांगेत ज्या बसल्यात त्यांची. दहावीनंतर वही-पेन कपाटात गेलंय, ते मला माहीत आहे. या वहीला फी नाही, गणवेश नाही, बसचा पास लागत नाही. घरी कुणी विचारलं, तर सांगा शिलाईवाल्या आपाचं काम आहे. मी येईन बोलायला.

 आता तुम्ही बोला.