मोटारीची उंची आणि स्प्रिंगचा ताठपणा



इंग्रजीत वसंत ऋतूला आणि पोलादी वेटोळ्याला एकच शब्द आहे. तेव्हा वसंत व्याख्यानमालेत स्प्रिंगवर बोलणे अगदीच अप्रस्तुत ठरू नये.

मोटार जमिनीलगत आणण्याची अनेक तरुणांना हौस असते. त्यासाठी कॉइलओव्हर बसवतात. शॉकअ‍ॅब्सॉर्बरच्या नळकांड्याभोवतीच स्प्रिंग असते आणि तिच्या बुडाशी आट्यांवर फिरणारे कडे. कडे फिरवले की गाडीची उंची बदलते. मग प्रश्न येतो, स्प्रिंग किती ताठ घ्यावी? 'असेल त्यात कडक द्या' हे उत्तर हौसेचे झाले. आपल्याला हिशेबाचे हवे.

भार दुप्पट केला तर स्प्रिंग दुप्पट दबते, हा नियम रॉबर्ट हूकने १६७८ साली ग्रंथात मांडला. एक मिलिमीटर दबायला जितका भार लागतो तितका तिचा ताठपणा. परंतु गाडीची चाल कळते ती आंदोलनांवरून, म्हणजे गाडी सेकंदाला किती वेळा खालीवर होते यावरून. साध्या घरगुती गाडीत हा आकडा एक ते दीडच्या आसपास असतो. दोनच्या पुढे बहुतेक शर्यतीच्या गाड्यांचा प्रांत.

समजा, चाक वगळून एका कोपऱ्यावर ३०० किलो भार आहे. १.२ आंदोलनांसाठी चाकापाशी दर मिलिमीटरला १.७४ किलो ताठपणा लागतो, तर १.५ साठी २.७२ किलो. आंदोलने सव्वापट, पण ताठपणा दीडपटीहून जास्त!

'चाकापाशी' या शब्दातच मेख आहे. चाक १० मिलिमीटर उचलले असता स्प्रिंग ७ मिलिमीटरच दबत असेल, तर ०.७ चा वर्ग, म्हणजे ०.४९ धरावा लागतो. कारण स्प्रिंग दबते कमी, आणि तरफेमुळे तिचा जोरही चाकाशी कमी पोचतो. मग २.७२ साठी सुमारे ५.५५ किलोची स्प्रिंग हवी. मॅकफर्सन स्ट्रटमध्ये हे गुणोत्तर एकाच्या जवळ असते. म्हणून मित्राच्या गाडीचा आकडा आपल्या गाडीला चालत नाही.

आता उंचीकडे वळू. चाकाला वर जायला ८० मिलिमीटर वाव होता आणि गाडी ३० मिलिमीटर खाली आणली, तर ५० उरला. खड्ड्याचा तोच दणका एकट्या स्प्रिंगने तेवढ्यात जिरवायचा, तर ताठपणा २.५६ पट हवा, १.२ आंदोलनांची १.९२ होतात. मागे बसलेल्या आजोबांच्या कमरेला हा फरक लगेच कळेल! गाडी १५ मिलिमीटरच उतरवली, तर मात्र १.४८ वर भागते. म्हणून आधी आपले रस्ते पाहून उंची ठरवावी, आणि उरलेल्या वावावरून स्प्रिंग.

हा केवळ सुखाचा प्रश्न नाही. स्प्रिंग मऊ पडली की वाव संपतो आणि गाडी रबरी ठोकळ्यावर आदळते. हे वळणावर घडले तर त्या चाकाची पकड सुटू शकते. उलट स्प्रिंग फार ताठ असली की खडबडीत रस्त्यावर चाक जमीन सोडते. आणि अधांतरी चाकाला ब्रेक कसला?

पुढची आणि मागची स्प्रिंग वेगवेगळी जोखावी लागते. मॉरिस ऑली या इंग्रज अभियंत्याने १९३० नंतर अमेरिकेत जनरल मोटर्सच्या कॅडिलॅक विभागात, वजने पुढेमागे सरकवता येणाऱ्या गाडीवर प्रयोग केले. उंचवटा पुढच्या चाकांना आधी भेटतो. म्हणून मागची आंदोलने किंचित जलद ठेवली तर मागचा भाग पुढच्याला गाठतो आणि गाडीचे डुलणे लवकर थांबते.

स्प्रिंग बदलली की तिला आवरणारा शॉकअ‍ॅब्सॉर्बरही तिच्या जोडीचा हवा. मूळची स्प्रिंग कापून गाडी उतरवणे तर सर्वांत वाईट. वेढे घटतात, ताठपणा आपोआप वाढतो, पण किती हवा हे कोणी मोजलेले नसते. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम गाडीतील फेरफारांवर बंधने घालते. तेही खर्चाआधी पाहावे.

गाडी आपली असली तरी रस्ता सर्वांचा आहे. समोरून सायकलवर येणाऱ्या मुलाचा जीव आपल्या चाकांच्या पकडीवर अवलंबून असतो. तेव्हा हौस जरूर करावी, पण मोजमाप करून.