मऊ हाड आणि कृत्रिम दंतमूळ

लामता हे बालाघाट जिल्ह्यातील, गोंदिया–नैनपूर लोहमार्गावरील गाव. १९५६ पर्यंत हा जिल्हा आणि विदर्भ एकाच राज्यात होते व राजधानी नागपूर होती. त्या नागपुरात १९६८ साली शासकीय दंत महाविद्यालय स्थापन झाले. उपचारासाठी दूरच्या शहरी जाणाऱ्या ग्रामस्थाने तेथे काय विचारावे, हे आधीच जाणून घेणे हिताचे होय.

पडलेल्या दाढेच्या जागी बसविले जाणारे कृत्रिम मूळ, म्हणजेच इम्प्लांट, हा बहुधा टायटॅनियम धातूचा लहानसा स्क्रू असतो. हाड या धातूशी घट्ट जडते, हे स्वीडनचे शास्त्रज्ञ ब्रॅनेमार्क यांनी दाखवून दिले व १९६५ साली पहिल्या रुग्णावर हा उपचार केला. परंतु जडण्यास कित्येक आठवडे, कधी काही महिने लागतात. तोवर स्क्रूचा आधार म्हणजे त्याच्या आट्यांनी हाडात घेतलेली पकड. तिलाच प्राथमिक स्थैर्य म्हणतात. या काळात मूळ मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून फारसे अधिक हलत राहिले, तर भोवती हाडाऐवजी तंतुमय आवरण तयार होण्याचा धोका असतो आणि मूळ सैल पडते.

जबड्याचे हाड सर्वत्र सारखे नसते. लेखोल्म व झार्ब यांनी १९८५ साली त्याचे चार प्रकार सांगितले. चौथ्या प्रकारात बाहेरचे कवच पातळ व आतील भाग विरळ जाळीसारखा असतो. असे मऊ हाड बहुधा वरच्या जबड्याच्या मागील भागात आढळते.

सुतार सागवानात आणि सावरीच्या लाकडात एकाच रीतीने स्क्रू पिळत नाही. मऊ लाकडात तो भोक अरुंद ठेवतो व रुंद आट्यांचा स्क्रू निवडतो. दंतवैद्याची रीतही तीच. मऊ हाडासाठी तो निमुळता, खोल आट्यांचा स्क्रू घेतो व छिद्र स्क्रूच्या व्यासाहून किंचित लहान पाडतो. निमुळता स्क्रू आत शिरताना बाजूचे हाड दाबून घट्ट करतो. मात्र दाब अति झाल्यास हाडाच्या पेशी मरतात. स्क्रूच्या लांबीलाही मर्यादा असते, कारण वरच्या दाढांच्या वर सायनसची पोकळी असते. खडबडीत पृष्ठभाग पुढे हाड जडण्यास साहाय्य करतो.

म्हणून रुग्णाने तीन प्रश्न अवश्य विचारावेत: क्ष-किरण तपासणीत हाड कसे दिसले? त्यास कोणत्या घडणीचा स्क्रू योग्य? दात त्यावर केव्हा बसणार? पकड कमी असल्यास त्याच दिवशी दात बसविण्याचा आग्रह धरू नये. विडी-तंबाखू सोडावी, मधुमेह आटोक्यात ठेवावा. हाड अपुरे असेल किंवा खर्च झेपत नसेल, तर नीट बसणारी कवळी हाही मानाचा उपाय आहे. घाईने बसविलेले मूळ निघून गेले, तर पैशाबरोबर हाडही जाते. धीराने बसविलेले मूळ वर्षानुवर्षे भाकरी चावण्याच्या कामी येते.