शर्यतीचे लहान एंजिन आणि परभणीचे ऊन

परभणी जिल्ह्यात विजेचे पंप गावोगावी पोहोचले नव्हते, त्या काळी गोदाकाठच्या मळ्यांतून ऑईल एंजिनाचा संथ ठोका दूरवर ऐकू येई. वैशाखातल्या उन्हातही ते एंजिन तासन् तास चाले. ह्याचे कारण साधे होते. पंपाने उपसलेल्या पाण्यापैकी एक बारीक धार एंजिनाच्या अंगाभोवती फिरवून पुन्हा पाटात सोडलेली असे. विहिरीचे गार पाणी अखंड येई, आणि कोमट झालेले पाणी उसाला जाई. एंजिन थंड ठेवणे ही एक विद्या आहे, असे त्या शेतकऱ्यास कधी वाटलेच नसेल. कारण त्याची विहीर ती विद्या फुकट पुरवीत होती.

१९४६ साली पुण्यात स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑईल एंजिन्स ह्या कंपनीचे ‘एव्ही-१’ हे एंजिन त्या जातीचा उत्तम नमुना होय. त्याच्या सिलिंडरची मापे ८० मिलिमीटर व्यास आणि ११० मिलिमीटर धाव; आकारमान ५५३ घन सेंटीमीटर; मिनिटास १,५०० फेरे आणि शक्ती ५ अश्वशक्ती. आता ह्याच्या शेजारी दुसरे एंजिन ठेवून पाहावे. २०१३ साली भारतीय बाजारात आलेल्या ‘केटीएम ३९० ड्यूक’ ह्या मोटारसायकलीचे एंजिन पुण्याजवळ चाकण येथे बजाज ऑटोच्या कारखान्यात तयार होऊ लागले. सिलिंडर एकच, आकारमान अवघे ३७३.२ घन सेंटीमीटर. परंतु शक्ती मात्र सुमारे ४३ अश्वशक्ती, आणि तीही मिनिटास ९,५०० फेऱ्यांच्या आसपास!

लहान एंजिनाने मोठ्यास आठ पटींहून अधिक मागे टाकावे, हा चमत्कार नव्हे. हा फेऱ्यांचा हिशेब आहे. प्रत्येक दोन फेऱ्यांत एकदा पेट्रोल पेटते. फेरे जितके अधिक तितके मिनिटातले स्फोट अधिक, आणि तितकी शक्ती अधिक. ह्यासाठी सिलिंडर रुंद आणि आखूड करावा लागतो. चाकणच्या एंजिनात व्यास ८९ आणि धाव ६० मिलिमीटर आहे. रुंद माथ्यावर चार मोठ्या झडपा मावतात, आणि आखूड धावेमुळे दट्ट्याचा वेग आवाक्यात राहतो. तरीही तो वेग सेकंदास सरासरी १९ मीटर भरतो. पाणी उपसणाऱ्या एव्ही-१ मध्ये तो जेमतेम साडेपाच मीटर आहे. मिनिटात एकोणीस हजार वेळा दट्ट्या थांबतो आणि उलट फिरतो. वरच्या टोकाशी त्याच्यावर पडणारी ओढ गुरुत्वाकर्षणाच्या साडेतीन हजार पटींहून अधिक असते. म्हणजे दट्ट्याच्या दर शंभर ग्रॅम वजनामागे साडेतीनशे किलोंहून अधिक भार. म्हणूनच असे एंजिन बांधणारा कारागीर ग्रॅम-ग्रॅम तोलतो. झडपांच्या स्प्रिंगा दुबळ्या निघाल्या, तर झडप वेळेवर मिटत नाही आणि दट्ट्याशी तिची गाठ पडते. पुढे काय होते ते सांगावयास नको.

अशी एंजिने अभियांत्रिकी महाविद्यालयांचे विद्यार्थी स्वतः बांधलेल्या एका आसनाच्या शर्यतीच्या मोटारीत बसवितात. ह्या ‘फॉर्म्युला स्टुडंट’ स्पर्धेचा नियम असा, की पेट्रोल एंजिनात जाणारी सर्व हवा २० मिलिमीटर व्यासाच्या एकाच नळीतून गेली पाहिजे. मोठ्या एंजिनाचा त्यामुळे श्वास कोंडतो. लहान एकसिलिंडरी एंजिनास ही नळी बरीचशी पुरते, आणि त्याचे वजनही कमी. मात्र एकच सिलिंडर असल्यामुळे तो हवा धक्क्याधक्क्याने ओढतो. म्हणून नळी आणि झडप ह्यांच्यामध्ये हवेची एक पेटी ठेवावी लागते.

मोटारसायकलीवरून मोटारीत आल्याने एंजिनावर आणखी एक संकट येते. वळणावर मोटारसायकल कलते, त्यामुळे तेल तळाशीच राहते. मोटार कलत नाही. तेल एका बाजूच्या भिंतीवर चढते, पंप तेलाऐवजी हवा ओढू लागतो, आणि काही क्षणांत बेअरिंगे जळतात. तेलाच्या तळपेटीत आडव्या पट्ट्या घालणे हा त्यावरचा स्वस्त उपाय. पुष्कळांना तो पहिले एंजिन गमावल्यावर सुचतो.

पण खरे दुखणे उष्णतेचे. जळालेल्या पेट्रोलपैकी चाकांना मिळते ते साधारण पाव ते तृतीयांश. बाकीचे धुराड्यातून आणि पाण्या-तेलातून उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. पूर्ण जोरात चालणाऱ्या ह्या एंजिनाच्या पाण्यात सुमारे ३० किलोवॉट उष्णता उतरते असे धरले, तर तेवढ्या आचेवर न्हाणीघरातला वीस लिटरांचा बंब पावणेदोन मिनिटांत स्नानाजोगा तापेल. शर्यतीच्या मोटारीत विहीर नाही. दोन-तीन लिटर पाणीच पुन्हा पुन्हा फिरवायचे आणि त्याची उष्णता रेडिएटरमधून वाऱ्यावर सोडायची.

आणि येथे परभणीचे ऊन आडवे येते. रेडिएटर किती उष्णता टाकील, हे पाणी आणि हवा ह्यांच्या तापमानांतील अंतरावर ठरते. पाणी ९५ अंशांवर आणि हवा युरोपातल्या सकाळची, १५ अंशांची असेल, तर अंतर ८० अंश. परभणीत मे महिन्यात पारा ४२ अंशांवर जातो. अंतर उरते ५३. तोच रेडिएटर, तोच पंखा, पण एक तृतीयांश काम गेले! तापलेली हवा विरळ असल्यामुळे एंजिनाची शक्तीही सुमारे नऊ टक्क्यांनी घटते, आणि त्यासोबत उष्णताही थोडी घटते. तथापि तेवढ्याने तूट भरून निघत नाही. शिवाय डांबरावरची हवा सावलीतल्या तापमापकापेक्षा आणखी तापलेली असते.

तेव्हा मोठा रेडिएटर लावावा, असे कोणीही म्हणेल. पण मोटारसायकलीवर तो समोरच्या वाऱ्यात उघडा असतो. मोटारीत तो चालकाच्या बगलेला जातो. वारा आळशी आहे. रेडिएटरच्या कडेला बोटभर फट राहिली, तरी तो जाळीतून न जाता फटीतूनच निघून जातो. म्हणून तोंडाशी अरुंद आणि जाळीकडे रुंद होत जाणारा नळकांड्यासारखा मार्ग बांधून सर्व कडा बुजवाव्या लागतात. आणि वारा बाहेर पडण्याची वाटही तितकीच मोकळी ठेवावी लागते. एंजिनावर महिने खर्चायचे आणि रेडिएटर शेवटच्या आठवड्यात जेथे जागा उरेल तेथे टांगायचा, ही ह्या क्षेत्रातली सर्वांत महाग पडणारी काटकसर होय.

नियमाने रेडिएटरमध्ये साधे पाणीच चालते. थंड देशांत घालतात ते गोठणरोधक रसायन सांडले तर रस्ता निसरडा होतो, म्हणून त्यास मनाई. परभणीस गोठण्याची धास्ती नाहीच. मात्र विहिरीचे किंवा बोअरचे जड पाणी घालू नये. बंबाच्या आत जमतो तोच पांढरा थर एंजिनाच्या अरुंद वाटांत जमतो, आणि धातूची उष्णता पाण्यापर्यंत पोहोचू देत नाही. ऊर्ध्वपातित पाणी घालावे. झाकणही दाबाचे असावे. एका वातावरणाइतका जादा दाब ठेवला, म्हणजे पाणी १२० अंशांपर्यंत उकळत नाही.

ह्या साऱ्याची परीक्षा सुमारे २२ किलोमीटरांच्या दमाच्या शर्यतीत होते. तिलाच सर्वांत अधिक गुण. भारतातली ही स्पर्धा कोइमतूरजवळच्या कारी मोटर स्पीडवेवर जानेवारीत भरत आली आहे, म्हणजे हवा फारशी छळत नाही. पण अर्ध्या वाटेवर चालक बदलावा लागतो, आणि त्यासाठी एंजिन बंद करणे भाग असते. एंजिन थांबले की त्यावर चालणारा पाण्याचा पंपही थांबतो. सिलिंडरच्या माथ्यातली साठलेली उष्णता मात्र थांबत नाही. ती स्थिर पाण्यात उतरत राहते, पाणी जागच्या जागी उकळते, वाफ नळ्यांत अडकते, पेट्रोलही तापते. तीन मिनिटांत नवा चालक बसून पट्टे आवळतो, कळ दाबतो, आणि एंजिन नुसते कण्हते. वर्षभराचे काम तेथेच उभे राहते.

म्हणून जाणते विद्यार्थी पाण्याचा पंप विजेचा बसवितात आणि एंजिन बंद झाल्यावरही तो व पंखा चालू ठेवतात. ह्याची तालीम मात्र जानेवारीत करू नये. परभणीसारख्या ठिकाणी मे महिन्यातल्या दुपारी दोन वाजता मोकळ्या डांबरी आवारात दहा-अकरा किलोमीटर मोटार पळवावी, एंजिन बंद करावे, घड्याळ लावून तीन मिनिटे थांबावे, आणि मग कळ दाबावी. पहिल्या प्रयत्नात एंजिन सुरू झाले नाही, तर रेडिएटरचे काम अजून संपलेले नाही.